अर्जातला रकाना आणि प्रशिक्षणाचा निकाल एकदा शेजारी ठेवा: पोलीस महासंचालकांना खुले पत्र

प्रति,
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मा. अपर पोलीस महासंचालक (प्रशिक्षण व खास पथके)
माहितीसाठी: गृह विभाग, मंत्रालय

विषय: उमेदवारांच्या पूर्वायुष्याच्या माहितीचा प्रशिक्षणातील यशाशी पडताळा घेण्याबाबत

महोदय,

शिपाई भरतीत मुलगा १६०० मीटर धावतो तेव्हा त्याची वेळ सेकंदावर मोजली जाते. ५ मिनिटे १० सेकंदांच्या आत आला तर २० पैकी २०. पुढे १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मैदानाचे ५० गुण झाले की ९० मिनिटांची १०० गुणांची लेखी परीक्षा: अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान, मराठी व्याकरण. या १५० गुणांत एखाद्या गुणाने कुणाचे तरी आयुष्य बदलते. त्यामुळे एवढी काटेकोर मोजदाद योग्यच आहे.

निवड झाल्यावर तोच मुलगा आणखी एक कागद भरतो, साक्षांकन नमुना. कुठे कुठे राहिला, कोणत्या शाळा-कॉलेजात शिकला, आधी कुठे नोकरी केली, कधी गुन्हा दाखल झाला का. तो कागद चारित्र्य पडताळणीला जातो, शेरा घेऊन परत येतो आणि फायलीत बंद होतो. मुलगा प्रशिक्षण केंद्रात दाखल होतो. तिथे त्याचे दुसरे खाते उघडते: आंतरवर्गाचे (वर्गात शिकवल्या जाणाऱ्या विषयांचे) गुण, बाह्यवर्गाचे (मैदानावरचे) गुण, गोळीबार, आजारी रजा, फेरपरीक्षा.

ही दोन खाती शेजारी-शेजारी ठेवून कुणी पाहिली आहेत का? पाहिली असतील तर निष्कर्ष जाहीर करावेत. पाहिली नसतील तर ही हेळसांड आम्हाला मुकाट्याने मान्य करता येत नाही.

हे पत्र लिहिणाऱ्यांत नवप्रविष्टांना (नव्याने भरती झालेल्या प्रशिक्षणार्थींना) कायदा शिकवलेले लोक आहेत, मैदानावरच्या दुखापती हाताळलेले आहेत, आणि चाचण्या कशा तयार होतात व कुठे फसतात हा विषय शिकवणारे आहेत. २०२४ च्या भरतीत १७ हजारांहून अधिक पदांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले, म्हणजे साधारण शंभरात एक. तो एक जण पुढे प्रशिक्षणात का अडखळतो हे शोधण्याचे साधन हाताशी असताना ते धूळ खात पडते, याचा आम्हाला त्रास होतो. दुसरीकडे एक भीतीही आहे. भरतीत मानसशास्त्रीय चाचणी आणा, उमेदवाराची पार्श्वभूमी गुणांत धरा, अशा सूचना अधूनमधून होत असतात. उद्या एखादी तयार प्रश्नावली विकत आणून थेट निवडीला लावली, तर होणारे नुकसान आजच्या दुर्लक्षापेक्षा मोठे असेल. म्हणून दोन्ही बाजू इथे मांडत आहोत.

आधी पद्धतीविषयी थोडे. पूर्वायुष्यावरून कामाचा अंदाज बांधणे ही नवी गोष्ट नाही. १८९४ मध्ये अमेरिकेतल्या विमाधंद्यात एजंट निवडताना सगळ्यांना एकसारखे प्रश्न विचारावेत, ही कल्पना पुढे आली. १९२२ च्या सुमारास अर्जातल्या उत्तरांना वजन देऊन गुण काढण्याची रीत विमा एजंटांवरच वापरून पाहिली गेली. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक निवडताना अमेरिकी हवाईदलाने अशी प्रश्नावली वापरली. त्यातला एक प्रश्न आजही सांगितला जातो: ‘लहानपणी तुम्ही स्वतः बनवलेले विमानाचे मॉडेल खरोखर उडाले होते का?’ वैमानिक प्रशिक्षणातल्या यशाचा अंदाज हा एकटा प्रश्न जवळपास सगळ्या चाचण्यांइतका देत असे, असे त्या कामातले लोक सांगत. कारण सरळ आहे. ‘तुम्हाला विमाने आवडतात का’ याला कुणीही हो म्हणेल. मॉडेल उडवायला मात्र महिनोन्‌महिने खपावे लागते, पडले तर पुन्हा बांधावे लागते.

या पद्धतीची ताकद किती, हेही नीट सांगायला हवे, कारण विकणारे ती फुगवून सांगतात. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासात पूर्वायुष्याच्या माहितीचा प्रशिक्षणातील कामगिरीशी सहसंबंध ०.३० आला होता, प्रत्यक्ष नोकरीतल्या कामगिरीशी ०.३५. मैदानी भाषेत ०.३० म्हणजे काय? दोन उमेदवार समोर उभे केले आणि प्रश्नावलीत जास्त गुण असलेल्यावर बोट ठेवले, तर प्रशिक्षणात तोच सरस ठरण्याची शक्यता १०० पैकी सुमारे ६०. नाणे उडवले असते तर ५०. हजारो लोकांच्या बाबतीत ही दहाची वाढ फार मोलाची आहे. एका मुलाच्या कपाळावर शिक्का मारण्यासाठी ती फारच तोकडी आहे. पुढच्या सगळ्या मागण्या या एका आकड्याच्या आधारावर आहेत.

आता आमच्या तक्रारी.

पहिली. पूर्वायुष्याचा एक तुकडा तुम्ही आजही गुणांत धरता. एनसीसीचे ‘सी’ प्रमाणपत्र असलेल्याला लेखी परीक्षेत ५ टक्के वाढीव गुण मिळतात. आमचा याला विरोध नाही. कवायत, रायफल, कॅम्पमधली रात्र हे सगळे त्या मुलाने अनुभवलेले असते. पण ‘सी’वाले नवप्रविष्ट प्रशिक्षणात बाकीच्यांपेक्षा किती पुढे असतात? पहिल्या महिन्यात पुढे असून शेवटी सगळे सारखेच होतात का? शंभर कवायत निदेशकांना विचारले तर शंभर मते मिळतील, आणि आकडे मात्र प्रत्येक सत्राच्या निकालपत्रकात पडून आहेत. एनसीसीचे युनिट प्रत्येक कॉलेजात नसते, हेही लक्षात घ्यावे. ज्या तालुक्यात ते नाही, तिथल्या मुलाला हे ५ टक्के मिळवण्याची वाटच नाही. वाढीव गुण द्यायचेच तर ते कशासाठी देतो हे आकड्यांनी दाखवून द्यावेत.

दुसरी. ‘प्रशिक्षणातील यश’ म्हणजे काय, हे ठरलेलेच नाही. समजा एका केंद्रात १००० नवप्रविष्ट आहेत आणि फेरपरीक्षा धरून अखेर २० जण नापास झाले. मग डोळे मिटून ‘सगळे पास होतील’ म्हणणारा माणूस ९८ टक्के वेळा बरोबर ठरतो. त्याला कोणतीही प्रश्नावली हरवू शकत नाही. पास-नापास हे माप इथे निरुपयोगी आहे. शेवटची एकूण टक्केवारीही फारशी कामाची नाही, कारण तिच्यात कायद्याचा पेपर, कवायत आणि गोळीबार एकत्र कालवलेले असतात. नेमबाजीत पहिला आलेला मुलगा पंचनाम्यात अडखळतो, हे त्या एका आकड्यात दिसत नाही.

वेगळे ठेवायला हवेत असे आकडे हे: प्रत्येक कायद्याच्या पेपरातले पहिल्या प्रयत्नाचे गुण (फेरपरीक्षेचे गुण त्यावर चढवून पहिले खोडू नयेत), पंचनामा आणि फिर्याद लिहिण्याच्या सरावाचे गुण, पहिल्या आणि शेवटच्या गोळीबारातले नेम, दवाखान्यात हजेरी लावल्याचे दिवस कारणासह, आणि शिस्तभंगाच्या नोंदी. निदेशकाचे मत नोंदवायचे असेल तर दोघांनी, एकमेकांचे न पाहता नोंदवावे. दोघांची मते जुळत नसतील तर त्या मताचा अंदाज बांधण्यात अर्थ नाही. मोजपट्टीच सैल आहे असे समजावे.

तिसरी तक्रार दुखापतींची आहे आणि ती आम्हाला सर्वांत जास्त लागते, कारण यातला बराच त्रास टाळता येण्यासारखा आहे.

भरतीची तयारी करणारा मुलगा वर्षभर तीन गोष्टी करतो: १६०० मीटर, १०० मीटर आणि ७.२६० किलोचा गोळा. धावतो बहुधा पहाटेच्या डांबरी रस्त्यावर किंवा मातीच्या ट्रॅकवर, हलक्या बुटांत. निकालानंतर नेमणुकीपर्यंत मध्ये बराच काळ जातो. त्या काळात अनेक जण सराव सोडतात, कुणी कामाला लागतो, कुणाच्या घरी लग्न निघते. मग प्रशिक्षण सुरू होते. पहाटेची पीटी, नंतर परेड, पुन्हा संध्याकाळी मैदान. कडक तळाचे बूट आणि कवायतीत टाच आपटून दिलेला प्रत्येक ठोका. हाडावर एकदम वाढलेला भार पडला की शरीर आधी जुने हाड खरवडून काढते आणि मग नवे भरते. मधले काही आठवडे हाड उलट कमकुवत असते. नेमक्या त्याच आठवड्यांत मैदानाचा जोर वाढत असतो.

लक्षण ओळखायला अवघड नाही. नडगीच्या आतल्या कडेवर बोट फिरवत गेले की रुपयाएवढ्या एका ठिकाणी मुलगा पाय झटकन मागे घेतो. संपूर्ण नडगी दुखते तेव्हा बहुतेकदा स्नायू आणि आवरण सुजलेले असते. एकाच जागी टोचते तेव्हा हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी. सुरुवातीच्या एक्स-रेत तडा बहुतेकदा दिसत नाही. त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल आहे, नाटक करतोय’ असे ठरवून त्याला पुन्हा मैदानात उभे केले जाते, आणि चार आठवड्यांच्या विश्रांतीचे काम चार महिन्यांवर जाते. तोवर आंतरवर्गाचे तासही बुडतात.

सैन्यदलांतल्या अभ्यासांतून एक गोष्ट पक्की झाली आहे: आधीचा सराव कमी असणे आणि आधी पायाला दुखापत झालेली असणे, या दोन गोष्टी नव्या दुखापतीची सूचना देतात. दोन्ही पूर्वायुष्याची माहिती आहे आणि विचारायला दोन मिनिटे लागतात. ‘गेल्या तीन महिन्यांत आठवड्याला साधारण किती किलोमीटर धावलात?’ ‘गेल्या दोन वर्षांत पायाचे दुखणे सलग दोन आठवड्यांहून जास्त टिकले होते का? कोणत्या जागी?’ मुलींच्या बाबतीत मासिक पाळी सलग काही महिने बंद राहणे ही हाडांच्या दृष्टीने धोक्याची खूण आहे. तो प्रश्न महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांनीच विचारावा आणि त्याचे उत्तर वैद्यकीय कागदाबाहेर जाता कामा नये.

पण उमेदवार खरे सांगेल का? आज सांगणार नाही. सांगितले तर बाहेर काढतील, अशी भीती आहे आणि ती गैरवाजवी नाही. म्हणून हे प्रश्न नेमणूक पक्की झाल्यावर, पहिल्या आठवड्यात विचारावेत आणि कागदाच्या माथ्यावर छापावे की या उत्तरांचा निवडीवर, ज्येष्ठतेवर किंवा निकालावर परिणाम होणार नाही. उत्तरांवरून पहिल्या चार-सहा आठवड्यांसाठी दोन गट करावेत. दुसऱ्या गटाने तेवढेच तास मैदानावर काढावेत, पण धावण्याचे अंतर हळूहळू वाढवावे, टाचेचे ठोके कमी ठेवावेत आणि उरलेल्या वेळात ताकदीचे व्यायाम करावेत. याला वेगळा निधी लागत नाही.

चौथी तक्रार आंतरवर्गाची. वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला २८ आणि मागास प्रवर्गाला ३३ वर्षे आहे. म्हणजे बारावीनंतर दहा-दहा वर्षे वहीला हात न लावलेला माणूस वर्गात बसतो, शेजारी नुकताच पदवीधर झालेला. लेखी परीक्षा पर्यायी उत्तरांची असल्यामुळे दोघांनीही गोळे काळे करून ती पार केलेली असते. पंचनामा लिहायला बसल्यावर फरक दिसतो. १ जुलै २०२४ पासून नवे तीन फौजदारी कायदे लागू झाल्यावर आणखी एक अडचण वाढली. गाईड, वर्तमानपत्रे आणि सिनेमांतून ३०२ आणि ४२० हे आकडे डोक्यात घट्ट बसलेले असतात; आता खुनाला भारतीय न्याय संहितेचे कलम १०३ आणि फसवणुकीला ३१८(४). जो जास्त वाचून आलेला असतो तोच कधीकधी जास्त गोंधळतो. फिर्याद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ खाली की नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ खाली, हा गोंधळ तर जुन्या हवालदारांशी बोलणाऱ्या प्रत्येक नवप्रविष्टाचा होतो.

इथे पूर्वायुष्यातले काय विचारावे? आमच्या मते सर्वांत उपयोगी ठरू शकेल असा प्रश्न हा: ‘गेल्या दोन वर्षांत दुसऱ्या कुणासाठी अर्ज, तक्रार किंवा पत्र लिहून दिले का? साधारण किती वेळा? कोणत्या कार्यालयासाठी?’ शेजारच्या आजीचा रेशनकार्डाचा अर्ज, भावकीच्या मोजणीचा अर्ज, बँकेत पासबुक हरवल्याचे पत्र. दुसऱ्याने सांगितलेले ऐकून, गाळून, क्रमाने कागदावर उतरवणे, फिर्याद घेताना हेच करायचे असते. हा प्रश्न खरोखर अंदाज देतो की नाही, हे मोजल्याशिवाय आम्हीही छातीठोकपणे सांगणार नाही. मोजा, एवढेच आमचे म्हणणे.

प्रश्न कसा लिहावा याबद्दल जरा सविस्तर, कारण बहुतेक प्रश्नावल्या इथेच मार खातात. ‘तुम्ही शिस्तप्रिय आहात का?’ हा प्रश्न वाया गेलेला आहे. ‘तुम्ही लवकर उठता का?’ हाही. त्याऐवजी असे विचारावे: ‘गेल्या एका वर्षात, ठरलेल्या वेळी सकाळी सहाच्या आत कामाला, वर्गाला किंवा सरावाला सलग किती महिने जात होता? हे कोण सांगू शकेल?’ यात प्रत्यक्ष घडलेली गोष्ट आहे, कालावधी आहे, आकडा आहे आणि तपासणारा माणूसही आहे. भरती अकॅडम्या महिनाभरात कोणत्याही प्रश्नावलीची ‘आदर्श उत्तरे’ छापतील, हे गृहीतच धरावे. ज्या उत्तराला दाखला किंवा साक्षीदार मागता येतो तेच टिकते.

शिवाय प्रश्न सगळ्यांना खुला हवा. ‘शाळेच्या संघाचे कर्णधार होता का?’ यात मैदान असलेल्या शाळेचा मुलगा जिंकतो. पण रात्रीच्या वीजपुरवठ्याला बॅटरी घेऊन उसाला पाणी धरणारा, पहाटे डेअरीवर दूध घालणारा, एमआयडीसीत तिन्ही पाळ्या केलेला, आई मजुरीला गेल्यावर दोन धाकट्या भावंडांना शाळेत पाठवणारी मुलगी, यांनीही वेळ पाळलेली असते, जबाबदारी घेतलेली असते. उत्तराच्या पर्यायांत त्यांची कामे छापलेली नसतील तर तो रकाना त्यांच्यासाठी कोराच राहील, आणि कोऱ्या रकान्याला शून्य गुण पडतील.

पाचवी गोष्ट तक्रारीपेक्षा इशारा आहे. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण सहज म्हणतो. निवडीत ही म्हण लावणे धोक्याचे आहे. वडिलांचा धंदा, गाव, वस्ती, घरात किती माणसे, घर भाड्याचे की स्वतःचे, आई-वडील एकत्र राहतात का, नातेवाइकांवर गुन्हे आहेत का, यातले काहीही उमेदवाराने निवडलेले नसते. संविधानाच्या अनुच्छेद १६(२) मध्ये सरकारी नोकरीसाठी धर्म, जात आणि लिंगाबरोबरच कूळ, जन्मस्थान आणि निवास यांवरूनही भेदभाव करण्याला मनाई आहे. जात न विचारता पिनकोड विचारला तरी मागच्या दाराने जातच आत येते.

महाराष्ट्राला हे नव्याने शिकायची गरज पडू नये. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मावरूनच माणसाच्या वर्तनाचा अंदाज बांधला होता. पुढे मुंबई इलाख्यात सोलापूरला तारेच्या कुंपणातली वसाहत झाली, लोकांना हजेरी लावावी लागली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. आज पारधी किंवा कैकाडी समाजातला मुलगा भरतीच्या रांगेत उभा राहतो, तेव्हा त्याच्या घराण्याचा कोणताही रकाना गुणपत्रिकेत येता कामा नये. ‘आकडेवारीत तसा संबंध दिसतो’ हे उत्तर आम्ही मान्य करणार नाही. निदेशकांच्या मनातला पूर्वग्रह गुणांत उतरला असेल तर आकडेवारी तो पूर्वग्रहच इमानेइतबारे दाखवेल.

साक्षांकन नमुन्यातली गुन्ह्यांविषयीची माहिती हा वेगळा विषय आहे आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात दिशा दिलेली आहे: माहिती लपवली म्हणून सरसकट अपात्र न ठरवता गुन्ह्याचे स्वरूप, वय आणि परिस्थिती पाहावी. ती प्रक्रिया तशीच चालू राहू द्या. त्या रकान्यांतून गुपचूप गुण काढू नका. एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामाला वापरायची तर संमती घ्यावी. वैयक्तिक माहितीचा २०२३ चा कायदाही त्याच तत्त्वावर उभा आहे.

सहावी तक्रार हिशेबाची. हा भाग कंटाळवाणा वाटेल, तरी कृपया वगळू नये. उत्तरांना वजन देण्याची रीत साधी आहे. समजा ६०० नवप्रविष्टांनी प्रश्नावली भरली. प्रशिक्षण संपल्यावर वरचे २०० आणि खालचे २०० वेगळे काढले. एका प्रश्नाला वरच्या गटातल्या १२० जणांनी (६० टक्के) आणि खालच्या गटातल्या ७० जणांनी (३५ टक्के) ‘हो’ म्हटले. फरक २५ टक्क्यांचा, म्हणून त्या उत्तराला २ गुण. फरक १० टक्क्यांहून कमी असेल तर शून्य. अशी सगळ्या प्रश्नांची किल्ली तयार होते.

फसगत इथून पुढे होते. तीच किल्ली त्याच ६०० जणांना लावून पाहिली तर निकाल झकास येणारच. १९५० मध्ये एडवर्ड क्युरटन या मानसशास्त्रज्ञाने हे दाखवून दिले. त्याने २९ विद्यार्थ्यांचे परीक्षेचे गुण घेतले आणि प्रत्येकासाठी एका बाजूला आकडा असलेले ८५ बिल्ले हलवून टेबलावर टाकले. आकडा वर आला तर उत्तर बरोबर, नाहीतर चूक. मग गुणांशी जुळणारे बिल्ले निवडून त्याची ‘चाचणी’ बनवली. त्याच २९ जणांवर ती चाचणी उत्तम अंदाज देताना दिसली, आणि होते ते नुसते बिल्ले. साठ प्रश्न विचारले तर निव्वळ योगायोगाने तीनएक प्रश्न ‘महत्त्वाचे’ निघतात, हे गणित कोणताही सांख्यिकीचा शिक्षक सांगेल. म्हणून किल्ली बनवताना निदान तिसरा हिस्सा लोकांची उत्तरे कुलुपात ठेवावी लागतात आणि किल्ली पक्की झाल्यावर त्यांच्यावर एकदाच तपासावी लागते. दुसऱ्या केंद्रावर, दुसऱ्या सत्रावर पुन्हा. नागपूरला जुळलेले जालन्याला जुळत नसेल, तर ते नागपूरच्या निदेशकांबद्दल काहीतरी सांगत असेल, उमेदवारांबद्दल नाही.

आणखी एक मेख आहे. निकाल फक्त निवडलेल्यांचेच मिळतात. जे धावण्यात बाद झाले ते प्रशिक्षणात कसे ठरले असते हे कळायला मार्ग नाही. सगळे निवडलेले मैदानात चांगलेच असल्यामुळे त्यांच्यात धावण्याच्या गुणांचा प्रशिक्षणाशी संबंध फिका दिसेल. तेवढ्यावरून ‘धावण्याचा उपयोग नाही’ असे कुणी म्हणाले तर ती चूक ठरेल. आणि गटागटांत फरक पडतो का, हे प्रत्येक वेळी पाहावे. अमेरिकेत १९७८ पासून एक साधा ढोबळ नियम आहे: एका गटातले १०० पैकी ५० निवडले जात असतील आणि दुसऱ्या गटातले ३०, तर हे प्रमाण ६० टक्के झाले, ते ८० टक्क्यांखाली गेले की चाचणीने स्वतःचे समर्थन सिद्ध करावे. आपल्याकडे मुली, ग्रामीण उमेदवार आणि प्रत्येक सामाजिक प्रवर्ग यांच्यासाठी हा हिशेब मांडावा.

यावरून आमच्या मागण्या अशा:

१. गेल्या पाच वर्षांतल्या सत्रांचे निकाल, नावे आणि चेस्ट नंबर काढून, भरतीतले मैदानी गुण, लेखी गुण, एनसीसी ‘सी’ प्रमाणपत्र आणि शिक्षणातला खंड यांच्याशी जुळवावेत. तक्ते संकेतस्थळावर ठेवावेत. ही माहिती आधीच जमा आहे, नवीन काहीही विचारायचे नाही.

२. पुढील सत्रापासून सर्व प्रशिक्षण केंद्रांत पहिल्या प्रयत्नाचे गुण आणि दुखापतींची नोंद एकाच नमुन्यात, पेपरनिहाय ठेवावी.

३. नेमणुकीनंतरच्या पहिल्या आठवड्यात ४० प्रश्नांची पूर्वायुष्य प्रश्नावली मराठीत, ऐच्छिक, लेखी संमतीने भरून घ्यावी. निदान तीन सत्रे तिचा निवडीशी काडीचा संबंध ठेवू नये. उत्तरे निदेशकांना दाखवू नयेत. अंदाज कळला की वागणूक बदलते आणि अंदाज आपोआप खरा ठरतो.

४. दुखापतीचे प्रश्न याला अपवाद. ते लगेच वापरावेत, फक्त वैद्यकीय अधिकारी आणि मैदानाचा भार ठरवणारे यांनी.

५. जन्म, कुटुंब, वस्ती आणि मालमत्ता यांविषयीचा एकही प्रश्न गुणांकनात येणार नाही, असा लेखी आदेश काढावा.

६. खासगी संस्थेची तयार प्रश्नावली घ्यायची वेळ आली, तर तिची किल्ली आणि कुलुपातल्या गटावरचा निकाल दोन्ही मागावेत. ‘ते आमचे व्यावसायिक गुपित आहे’ असे उत्तर आले तर करार करू नये.

७. तीन सत्रांनंतर विद्यापीठांतल्या सांख्यिकी आणि मानसशास्त्र विभागांकडून, मागास प्रवर्गांच्या व महिला प्रतिनिधींसह, तपासणी करून घ्यावी. निवडीत काही गुण धरायचे की नाही याची चर्चा त्यानंतर, जाहीरपणे व्हावी.

४० प्रश्नांचा कच्चा नमुना आमच्याकडे तयार आहे. प्रत्येक प्रश्नासमोर तो कशासाठी आहे, उत्तर कोण तपासू शकेल आणि कोणावर अन्याय होऊ शकतो, हे लिहिलेले आहे. भरायला सुमारे ४५ मिनिटे लागतात. आपण वेळ दिल्यास तो विनामूल्य सादर करू. ग्रामीण आणि आश्रमशाळांतून आलेल्या वीस-पंचवीस नवप्रविष्टांकडून तो आधी मोठ्याने वाचून घ्यावा, अशी विनंती आहे. जिथे ते अडतील तिथला शब्द बदलू.

आपले,
पोलीस प्रशिक्षण, क्रीडावैद्यक आणि चाचणीशास्त्र या क्षेत्रांत काम केलेले काही नागरिक